मत गुप्त, वस्ती मात्र उघडी

मतदान गुप्त असते, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. मोजणी कशी होते, हे मात्र त्या पुस्तकात नव्हते. मतमोजणी केंद्रनिहाय होते. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता, म्हणजे फॉर्म २०, निकालानंतर जाहीर होतो. एका केंद्रावर साधारण हजाराच्या आसपास मतदार असतात आणि आपली गावे जातीनुसार वसलेली आहेत. त्यामुळे तक्त्यातला कोणता आकडा दलित वस्तीचा, हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. माणसाचे मत झाकलेले राहते, वस्तीचे उघडे पडते.

मतदारांवरची दहशत म्हटली की लाठ्या-बंदुका घेऊन केंद्र बळकावणारी टोळी डोळ्यांसमोर येते. एकेकाळी ते वास्तव होते. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५अ घालून केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा करावा लागला, तो त्यामुळेच. पुढे टी. एन. शेषन यांच्या काळातली कडक अंमलबजावणी, केंद्रीय दले, फोटो ओळखपत्र आणि मतदान यंत्रे यांनी हा प्रकार बराच आटोक्यात आणला. दुर्बल घटकांना दबंगांच्या आळीतून जावे लागू नये म्हणून त्यांच्या वस्तीतच केंद्र देण्याचे धोरणही निवडणूक आयोगाने स्वीकारले. ही मोठी कमाई आहे आणि ती सोडता कामा नये. पण केंद्र वस्तीत आले तसा वस्तीचा निकालही वेगळा दिसू लागला.

मग धमकीची वेळ बदलली. मतदानाच्या दिवशी वाट अडवायची गरजच उरली नाही. ‘आकडे येतीलच’ एवढे म्हटले तरी पुरते. ज्याची मजुरी, उधारी आणि पाण्याची वाट दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला या दोन शब्दांचा अर्थ कळतो. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालाने हेच नोंदवले होते: अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्य नाही, म्हणून हक्क बजावू पाहताच त्यांच्यावर बहिष्काराचे हत्यार चालते.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मेनका गांधी यांनी एका सभेत हे उघडपणे बोलून दाखवले. मिळालेल्या मतांनुसार गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी होते आणि कामे त्या क्रमाने होतात, असे त्यांनी सांगितले. आयोगाने त्यांना ताकीद दिली. पण ज्या आकड्यांवरून अशी वर्गवारी करता येते ते आकडे यंत्रणाच पुरवते, हा प्रश्न ताकिदीने सुटला नाही.

निकालानंतरच्या सूडाचे टोक तमिळनाडूने पाहिले आहे. मदुराई जिल्ह्यातील मेलवळवू पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. धाकदपटशा आणि हिंसाचार झाला, तरी निवडणूक पार पडली आणि मुरुगेसन अध्यक्ष झाले. ३० जून १९९७ रोजी त्यांची आणि आणखी पाच जणांची हत्या झाली. मत पेटीत पोहोचले, मोजलेही गेले. त्यानंतर शिक्षा झाली.

कायद्याला हे ठाऊक आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधील पोटकलम (एल) मतदानापासून रोखणे, ठरावीक उमेदवाराला मत द्यायला भाग पाडणे, अर्ज भरू न देणे हे गुन्हे ठरवते. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले पोटकलम (एन) मतदानानंतरच्या सूडाविषयी आहे: मारहाण, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, त्याची नुसती धमकी, सरकारी योजनेचा लाभ अडवणे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. मात्र निकाल लागला की आचारसंहिता संपते, निरीक्षक परततात, सी-व्हिजिल अॅप थांबते. सूड सुरू होतो तेव्हा निवडणूक यंत्रणा गावात नसते.

म्हणून उपाय मोजणीतच हवा. कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक संचालन नियमांतील ५९अ प्रमाणे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. मतदान यंत्र आले आणि ती गेली. टोटलायझर हे उपकरण १४ यंत्रांची बेरीज एकदम दाखवते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ते सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात मात्र विरोध केला. केंद्रनिहाय आकड्यांवरून आपण कुठे कमी पडलो ते पक्षांना कळते, असा युक्तिवाद झाला. पक्षांच्या सोयीसाठी वस्तीने जोखीम का पत्करावी?

एक आक्षेप गंभीर आहे. केंद्रनिहाय आकडे झाकले तर गैरप्रकार पकडायचे कसे? प्रत्येक केंद्रावर एकूण किती मते पडली हे फॉर्म १७सी मध्ये नोंदवले जाते आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. ती नोंद आणि व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी तशीच ठेवावी. झाकायचे आहे ते फक्त कोणाला किती मते पडली याचे केंद्रनिहाय विभाजन. पारदर्शकता मोजणाऱ्या यंत्रणेची हवी, मजुराच्या मनाची नव्हे.

नियम बदलेपर्यंत आपल्यासारख्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्यांच्या हातात काही कामे आहेत. निकालानंतरचे तीन महिने वस्तीत डायरी ठेवा: कोणाचे काम कधी बंद झाले, नळ कधी तुटला, घरकुलाची फाईल कोणत्या टेबलावर अडली, कोण काय बोलले. तक्रारीत (एन) पोटकलमाचा उल्लेख नावानिशी करा. कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे ठाणे अंमलदाराला सांगा. १४५६६ हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवा. आणि मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारा: टोटलायझरला तुमचा पाठिंबा आहे की नाही? उत्तर लेखी घ्या.