पॅलडिनचे पतन कोणी रद्द केले?

भूमिका-खेळांविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्या मंडळींमध्ये एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. ते असे की, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील पॅलडिन, म्हणजे पवित्र योद्ध्यांचा पात्रवर्ग, पूर्वी जाचक नियमांच्या बेडीत अडकला होता आणि नंतरच्या आवृत्त्यांनी त्याला मुक्त केले. आम्हांला हे मत साफ अमान्य आहे. ज्याला बेडी म्हटले जाते तो या पात्राचा कणा होता. दोष दुसरीकडे होता आणि शिक्षा मात्र कण्याला झाली, असे आमचे म्हणणे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने खेळाचे नियमपुस्तक का वाचावे, अशी शंका काही प्राध्यापक मित्र घेतील. या खेळात आधी लिहिलेले संवाद नसतात. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात, एकजण सूत्रधार होतो (त्याला डंजन मास्टर म्हणतात) आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत कथा पुढे नेतात. पात्राला काय शक्य आहे आणि काय केले असता त्याचे काय होईल, हे नियम ठरवतात. नायकाच्या प्रमादाविषयी ॲरिस्टॉटल वाचणाऱ्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

‘पॅलडिन’ हा शब्द लॅटिन ‘पॅलाटिनस’वरून, म्हणजे राजवाड्यातल्या माणसावरून आला आणि मध्ययुगीन काव्यपरंपरेत शार्लमेनच्या बारा सरदारांना चिकटला. त्यांतला अग्रणी रोलाँ. इ. स. ७७८ मध्ये स्पेनहून परतणाऱ्या शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी पिरेनीज पर्वतात कापली गेली, त्यात तो पडला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की, हल्लेखोर बास्क होते. सुमारे तीनशे वर्षांनी रचलेल्या ‘रोलाँच्या गीता’त मात्र त्यांचे मुसलमान झाले. डोंगरी लोकांनी लुटीसाठी घातलेला घाला धर्मयुद्ध ठरला. हा शत्रुबदल आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे त्याचे काम आहे. त्याच काव्यात दुसरीही एक गोष्ट आहे. मदतीसाठी शिंग फुंक, असे ऑलिव्हिए विनवतो आणि रोलाँ अभिमानाने नकार देतो. शिंग फुंकले जाते तेव्हा वाचवण्याजोगे कोणी उरलेले नसते. म्हणजे पवित्र योद्ध्याचा दोष त्याच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे.

खेळात हे पात्र आले ते पॉल अँडरसन या अमेरिकी लेखकाच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ (पुस्तकरूपाने १९६१) या कादंबरीच्या वाटेने. तिचा डॅनिश नायक अखेर शार्लमेनच्याच सरदारांपैकी एक, ओजिए, ठरतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ मध्ये निघाला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत पॅलडिन अवतरला. व्यक्तिप्रभावाचा अंक सतरा वा अठरा आल्याखेरीज तो होताच येत नसे. तीन फाशांवर असे दान २१६ पैकी चारदा पडते. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याचे व्रत सविस्तर मांडले गेले: जादूच्या वस्तू दहांहून अधिक बाळगू नयेत, गरजेपुरतेच धन ठेवावे, मिळकतीचा दशांश धर्मकार्याला द्यावा. बदल्यात त्याला रोग होत नसे, त्याच्या हस्तस्पर्शाने जखमा भरत आणि साठ फुटांवरचे पाप त्याला जाणवत असे. नियमभंग झाला तर वरिष्ठ धर्मगुरूपुढे कबुली आणि प्रायश्चित्त. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर मात्र पॅलडिनपण तत्क्षणी आणि कायमचे जाई. उरे तो साधा लढवय्या.

ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे अधांतरी चाले. अश्वत्थाम्याविषयीचे ते अर्धसत्य तोंडातून निघाले आणि रथ भूमीला टेकला. द्रोणपर्वातली ही घटना ‘नरो वा कुंजरो वा’ या वाक्प्रचारासह आपल्या बोलण्यात मुरली आहे. तिचे मर्म पाहावे. रथ मोडत नाही, घोडे मरत नाहीत. रथ फक्त इतरांच्या रथांसारखा होतो. १९७८ चा पतित पॅलडिनही जिवंत राहतो, तलवार चालवतो आणि इतरांसारखा होतो. एका महाकाव्याने आणि एका खेळाच्या नियमाने एकच शिक्षा शोधून काढावी, हे आम्हांला लक्षणीय वाटते. आणि दोन्हींकडे शिक्षेची भीती आधीच्या प्रत्येक वाक्याला वजन देते. जो खोटे बोलू शकतच नाही, त्याच्या सत्यवादाची कथा कोण ऐकेल?

विरोधकांचे आक्षेप आम्ही दडवत नाही. या नियमाने पुष्कळ टेबलांवर भांडणे लावली. दोन निरपराधांपैकी एकालाच वाचवता येईल असा सापळा सूत्रधार रचे आणि काहीही केले तरी पतन पदरात घाली. शिवाय सोबत्याने खिसा कापला की पॅलडिन प्रवचन सुरू करी. हे सगळे खरे आहे. पण या भांडणांचे मूळ पतनात नव्हते. पाप कशाला म्हणायचे याच्या व्याख्येत होते. या खेळात पाप हा बऱ्याचदा वंशाचा गुण होता. गॉब्लिन दुष्ट, कारण तो गॉब्लिन. साठ फुटांवरून ज्याचे पाप कळते त्याच्याविषयी विचार करण्याचे कारण उरत नाही. वर नोंदवलेला शत्रुबदल आठवावा: बास्काला आधी विधर्मी करायचे, मग त्याला मारणे हाच धर्म.

आम्ही अतिशयोक्ती करत आहोत असे ज्यांना वाटेल त्यांनी गायगॅक्सचेच म्हणणे पाहावे. शत्रूच्या निःशस्त्र पोरांना पॅलडिनने मारावे की नाही, या चर्चेत त्याने २००५ मध्ये लिखांतूनच उवा होतात, या जुन्या म्हणीचा आधार घेतला, आणि शरण येऊन सन्मार्गाला लागलेल्या कैद्यालाही पॅलडिन खुशाल ठार करू शकतो, असा निर्वाळा दिला. ही म्हण कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या नावाशी जोडली जाते. कोलोरॅडोतील सँड क्रीक येथे २९ नोव्हेंबर १८६४ रोजी याच चिव्हिंग्टनच्या सैन्याने शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीत बायकापोरांची कत्तल केली. गायगॅक्सला हा संदर्भ माहीत नव्हता असेही नाही. चिव्हिंग्टनचे नाव घेऊनच त्याने म्हणीचे समर्थन केले. ज्या माणसाने पतनाचा नियम छापला त्यालाच पतन ओळखता आले नाही, यावर आम्ही अधिक काय लिहावे? त्याच्याच नियमाची कठोर अंमलबजावणी झाली असती तर तो पॅलडिन त्या पोरांच्या प्रेतांपाशीच साधा लढवय्या झाला असता.

म्हणून दुरुस्ती हवी होती ती पापाच्या व्याख्येत. ती झालीही, हे मान्य केले पाहिजे: २०१४ च्या आवृत्तीत पॅलडिनची ती जाणीव दैवी जीव, सैतान आणि मरूनही हिंडणारे यांच्यापुरती उरली, माणसाच्या मनातले पाप ती हुंगत नाही. उत्तम. परंतु पाण्याबरोबर घागरही फेकली गेली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पॅलडिन कोणत्याही नैतिक कलाचा असू शकतो असे ठरले, आणि एकदा मिळालेली दीक्षा काढून घेण्याची सोय उरली नाही. २०१४ मध्ये शपथा परतल्या, त्यांत सूडाचीही शपथ आली. पण शपथभंगाची शिक्षा सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेली सूचना झाली. त्याहून विलक्षण म्हणजे शपथ मोडणाऱ्यासाठी स्वतंत्र उपवर्गच सिद्ध झाला. तो मृतांवर सत्ता गाजवतो. पतनाचे रूपांतर बदलीत झाले. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, वेतनश्रेणी तीच.

२०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळात तर शपथ मोडली की एक काळा शिलेदार तळावर येतो, नवे सामर्थ्य देऊ करतो, आणि सोन्याची नाणी मोजली तर जुनी शपथही परत मिळवून देतो. पापमुक्तीपत्रांच्या विक्रीविरुद्ध ल्यूथरने १५१७ मध्ये प्रबंध मांडले होते, याची येथे कोणाला आठवण झाली असेल तर ती विनोदासाठीच. युधिष्ठिराचा रथ पुन्हा चार बोटे उचलून देणारा कारागीर व्यासांनी ठेवला नाही.

यावर ‘वॉरक्राफ्ट’चे उदाहरण तोंडावर फेकले जाते. २००२ च्या तिसऱ्या भागात राजपुत्र आर्थस हा पॅलडिन स्ट्रॅथोम नगरातल्या रोगग्रस्त प्रजेची, ती प्रेते होऊन उठण्याआधीच, कत्तल करतो. त्याचा गुरू उथर नकार देऊन निघून जातो. नियमाने आर्थसचे काहीच जात नाही. प्रकाशाची शक्ती त्याच्या हातात राहते आणि ती सुटते ती पुढे फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार उचलल्यावर. मग पतनाच्या नियमाशिवायही पतनाची कथा घडली ना? घडली, आणि उत्तम घडली. पण कशामुळे, हे पाहावे. या जगात प्रकाश न्यायाधीश नाही. तो धारकाच्या खात्रीवर चालतो. म्हणून संशयितांना सरसकट मारणाऱ्या स्कार्लेट क्रुसेडच्या हातातही तो तेवत राहतो. २००७ मध्ये आलेल्या ब्लड नाइट्सनी तर मुरू नावाच्या प्रकाशमय जीवाला कोंडून ती शक्ती शोषून घेतली. हे भयंकर आहे, पण प्रामाणिक आहे: येथे पावित्र्याचा दावाच केलेला नाही, आणि आर्थसला अखेर आपले राज्य, पिता आणि गुरू स्वतःच्या हातांनी मारावे लागतात. किंमत कोणीतरी वसूल करतेच. २०१४ च्या पुस्तकात पावित्र्याचा दावा शाबूत आहे आणि वसुलीदार रजेवर आहे.

राहिला टेबलावरच्या भांडणाचा प्रश्न. त्याला उपाय आहे आणि तो फारसा अवघड नाही. खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूने स्वतःची शपथ स्वतः लिहावी, सूत्रधाराने ती सर्वांदेखत वाचावी, आणि काय केले असता ती मोडेल हे दोघांनी मिळून ठरवावे. मग सापळ्याला जागा राहत नाही, गॉब्लिनच्या पोरांचे काय याचेही उत्तर आधीच द्यावे लागते, आणि शपथ मोडली तर पात्राच्या कागदावरच्या त्या ओळी पेन्सिलीने नव्हे, शाईने खोडाव्यात.