शैक्षणिक कर्जमाफी : लाभ कोणाच्या पदरात?

गडचिरोली : शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची २००८, २०१७ आणि २०१९ अशी तीन मोठी आवर्तने महाराष्ट्राने पाहिली. त्याच धर्तीवर शैक्षणिक कर्जही माफ करावे, ही मागणी आता पक्षांच्या जाहीरनाम्यांपर्यंत पोचली आहे. तमिळनाडूत द्रमुकने २०२१ मध्ये, तर काँग्रेसने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तसे आश्वासन दिले होते. मागणीमागील व्यथा खरी आहे. मात्र गडचिरोली-चंद्रपूरसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांतून पाहिल्यास या माफीचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न उभा राहतो.

माफी मिळण्यासाठी आधी कर्ज मिळालेले असावे लागते. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार आणि त्याहून अधिक रकमेसाठी तारण, अशी चौकट रूढ झाली. एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांत अनेक कुटुंबांची जमीन वनहक्क पट्ट्याची आहे. २००६ च्या कायद्यानुसार हा हक्क वारसाने मिळतो. पण तो विकता वा हस्तांतरित करता येत नाही. साहजिकच तारण म्हणून तो निरुपयोगी ठरतो. धान, तेंदूपत्ता, मोह आणि बांबूवर चालणाऱ्या घरात पगाराची पावती नसते. ज्याचे नाव बँकेच्या खातेवहीतच नाही, त्याला माफी काय देणार?

समर्थकांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उद्योगांची हजारो कोटींची कर्जे निर्लेखित होतात, मग विद्यार्थ्यांनीच काय पाप केले, असे ते विचारतात. तांत्रिकदृष्ट्या निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. वसुलीचा हक्क कायम राहतो. तरीही पदवी हाती असून नोकरी नसलेल्या तरुणाला हा भेद दिलासा देत नाही. सहकर्जदार असलेल्या पित्याचीही पत बिघडते आणि घरातील पुढचे कर्ज अडते.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. अध्यक्ष बायडेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये पात्र कर्जदारांना १० ते २० हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. शिवाय एकदाच दिलेल्या माफीने शुल्क कमी होत नाही. पुढची तुकडी पुन्हा त्याच कर्जाच्या दारात उभी राहते.

पर्याय आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून परतफेड उत्पन्नाशी जोडली. ठरावीक मर्यादेपुढे कमाई गेल्यावरच करप्रणालीतून वसुली होते. अर्थात, तेथेही २०२५ मध्ये सरकारला थकीत कर्जात २० टक्के कपात करावी लागली. केरळने २०१७ मध्ये ९०० कोटी रुपयांची योजना आखून सरसकट माफीऐवजी परतफेडीत सरकारी वाटा उचलला. केंद्राची २००९ पासूनची व्याज अनुदान योजना साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराची अट नाही. पण ती निवडक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. दुर्गम तालुक्यातून लहान महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेरच राहतो.

म्हणूनच मुळावर उपाय हवा. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. हे पाऊल कर्जाची गरजच कमी करणारे आहे. २०११ मधील गोंडवाना विद्यापीठ आणि २०२४ मध्ये गडचिरोलीला मिळालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांचे मोलही याच दृष्टीने मोजले पाहिजे. शिक्षण घराजवळ आले, की नागपूर-पुण्यातील निवास आणि भोजनाचा खर्च वाचतो.

शिष्यवृत्ती आणि ‘स्वयम्’ योजनेची रक्कम सत्राच्या प्रारंभी हाती पडणे, वनहक्कधारकांच्या मुलांसाठी राज्याची हमी आणि दरमहा हप्त्याऐवजी हंगामानुसार परतफेड, या तीन गोष्टी कर्जमाफीइतक्या टाळ्या मिळविणार नाहीत. मात्र कर्जमाफी मागील थकबाकी पुसते, तर हे उपाय पुढील विद्यार्थ्याला कर्जबाजारी होण्यापासून वाचवतील. प्रथम कशावर खर्च करायचा, याचा निर्णय शासनाला घ्यावा लागेल.