मोटर फिरते, पाणी येत नाही

विहिरीवरची मोटर बंद पडली की शेतकरी काय करतो, हे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात लहान पोरालाही ठाऊक असते. आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग तिन्ही फेज आहेत का ते. मोटर फिरते आणि पाणी येत नाही, म्हणजे फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल किंवा पाइपात हवा शिरली असेल. एकेक शक्यता बाजूला काढत तो बिघाडापर्यंत पोचतो. मोटर चालली नाही म्हणून शेती आपल्याला जमत नाही, असे त्याच्या मनातही येत नाही.

त्याच घरातली मुलगी डिप्लोमाला किंवा बीसीएला जाते. सेकंडहँड लॅपटॉप येतो. ती त्यावर व्हीएस कोड उतरवून घेते, पुस्तकातला पाच ओळींचा सी प्रोग्राम टाइप करते आणि रन दाबते. खालच्या चौकटीत इंग्रजी वाक्य उमटते: ‘जीसीसी’ ही आज्ञा ओळखता येत नाही. ती पुस्तक पुन्हा उघडते, एकेक अर्धविराम आणि कंस तपासते. प्रोग्राम बरोबरच असतो. आठवडाभर हेच चालले की तिचे मत पक्के होते: कोडिंग आपल्याला जमणारे नाही.

हे मत चुकीचे आहे आणि ते बनू देण्याची जबाबदारी शिकवणाऱ्या व्यवस्थेची आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली जाहीर केलेला व्हीएस कोड हा एडिटर आहे, म्हणजे कोड लिहिण्याची जागा. कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर त्यात नसतो. सी शिकणाऱ्यांसाठीचे एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायची पुरवणी, टाकले तरी कंपायलर येत नाही. तो, म्हणजे इथे जीसीसी, मिनजीडब्ल्यूसारख्या संचातून वेगळा बसवावा लागतो आणि तो कुठे ठेवला आहे, हे विंडोजला ‘पाथ’मध्ये सांगावे लागते. पायथॉनचे एक्स्टेन्शन पायथॉन आणत नाही, जावाचे काम जेडीके नसेल तर अडते. विंडोजवर पायथॉन नसताना ‘पायथॉन’ असे टाइप केले, तर अनेकदा मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडते. समोर दुकान आले की नवख्या मुलाला वाटते, आता पैसे भरावे लागणार. पायथॉन फुकट आहे, हे त्याला त्या क्षणी सांगायला शेजारी कोणी नसते.

हा घोटाळा होण्यामागे एक जुने कारण आहे. बोरलँडचा टर्बो सी १९८७ साली आला, तेव्हा त्याचे नावीन्यच हे होते की एडिटर आणि कंपायलर एकाच पडद्यात नांदत होते. एकदा बसवला की लिहा आणि चालवा. आपल्याकडच्या शिक्षकांच्या किमान दोन पिढ्या त्यावर घडल्या. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, त्यासाठी डॉसबॉक्सचा आधार घ्यावा लागतो. तरीही अनेक प्रयोगशाळांतून तो गेलेला नाही. जिथे गेला, तिथेही एडिटर म्हणजे सगळे काही ही समजूत मागे राहिली.

बीडसाठी हा प्रश्न जास्त टोकदार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार, आणि त्यातले पाचांपैकी चार जण खेड्यात राहणारे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या हंगाम संपल्यावरच परततात. आई-बाप कोयता घेऊन फडात, मुलगा वसतिगृहात किंवा आजीजवळ. हिवाळी परीक्षा याच दिवसांत येते. पुण्यातल्या मुलाला शेजारच्या इमारतीतला दादा दहा मिनिटांत पाथ दुरुस्त करून देतो. धारूर किंवा शिरूर कासारच्या मुलाला असा दादा सहसा मिळत नाही. अंबाजोगाईत १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे जिल्ह्यात तांत्रिक शिक्षण नवे नाही. घरी बसून अडलेल्या मुलापर्यंत मदत पोचण्याची सोय मात्र झालेली नाही.

त्यात लॅपटॉप जुना. त्यावर विंडोज ७ असेल तर तिढा वेगळाच होतो. विंडोज ७ वर चालणारी व्हीएस कोडची शेवटची आवृत्ती १.७०, म्हणजे २०२२ सालची. पायथॉनची ३.८; त्यापुढची ३.९ तिथे बसतच नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या आत त्याला किमान कोणता एडिटर लागतो, हे लिहिलेले असते, त्यामुळे नवे एक्स्टेन्शन जुन्या एडिटरवर नाकारले जाते. चौघे एकमेकांना साजेसे असावे लागतात: विंडोज, एडिटर, एक्स्टेन्शन आणि भाषा. मुलाला मात्र यूट्यूबवरचा व्हिडिओ सगळे ताजे उतरवायला सांगतो, आणि तो रोजचा मोबाइल डेटा त्यात घालवून बसतो.

ताजे म्हणजे चांगले, हाही भ्रमच. पायथॉनची अगदी नवी आवृत्ती घेतली आणि एखाद्या लायब्ररीची तयार फाइल तिच्यासाठी अजून निघालेली नसली, तर पिप हा पायथॉनच्या लायब्ररी बसवणारा प्रोग्राम ती लायब्ररी मुळापासून बांधू पाहतो आणि व्हिज्युअल सी++ १४.० हवे म्हणून अडून बसतो. मुले निमूटपणे काही जीबींची बिल्ड टूल्स उतरवायला घेतात. बऱ्याचदा उपाय सोपा असतो: पायथॉनची आधीची आवृत्ती घ्यायची. ‘व्हीसीरनटाइम१४०’ ही डीएलएल सापडत नाही, असा संदेश आला तर कुठल्या तरी साइटवरून ती एकटी फाइल आणणे धोक्याचे असते. मायक्रोसॉफ्टचा रीडिस्ट्रिब्युटेबल संच अवघ्या काही एमबींचा आहे, तोच बसवावा.

आणखी एक अडचण मराठी घरातलीच. लॅपटॉप सुरू करताना विंडोजच्या खात्याला कोणी हौसेने देवनागरीत नाव देते, कोणी नाव आणि आडनाव यांत जागा सोडून लिहिते. तेच नाव फोल्डरच्या पत्त्यात येते, आणि मिनजीडब्ल्यूबरोबरची काही साधने अशा पत्त्यावर अडखळतात. सी ड्राइव्हवर साध्या रोमन नावाचा फोल्डर करून काम त्यात हलवले की प्रश्न सुटतो. आपल्या लिपीत नाव लिहिण्याची शिक्षा मुलाला भोगावी लागते, हे मनाला लागते. एडिटरसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या अधिकृत भाषासंचांतही मराठी नाही.

या गोष्टी फक्त नवख्यांना छळतात असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोडची १.८६ आवृत्ती आली आणि उबुंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ सारख्या जुन्या लिनक्स सर्व्हरवर दुरून काम करणाऱ्यांचे संपर्क तुटले. नव्या आवृत्तीला ग्लिबसी नावाचा मूलभूत घटक २.२८ किंवा त्यापुढचा हवा होता. जगभरातल्या अनुभवी अभियंत्यांनी तक्रारी केल्या, आणि काही दिवसांत १.८६.१ काढून जुन्या सर्व्हरना मुदत द्यावी लागली. त्या अभियंत्यांपैकी कोणी आपल्याला कोडिंग जमत नाही असे म्हटले नसणार. मागची आवृत्ती बसवायची, स्वयंचलित अपडेट बंद ठेवायचे, हे त्यांना माहीत होते. ही माहिती केवळ सरावाने येते आणि सराव देता येतो.

अभ्यासक्रमात द्विभाजन शोध असतोच. क्रमाने लावलेल्या यादीचा अर्धा भाग टाकून द्यायचा, उरलेल्यात पुन्हा तेच करायचे. मुले तो पाठ करून परीक्षेत लिहितात. व्हीएस कोडमधले ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ याच विचारावर चालते: अर्धी एक्स्टेन्शन बंद करून विचारते, बिघाड अजून आहे का? चाळीस एक्स्टेन्शनपैकी एक खोडकर असेल तर सहा फेऱ्यांत ते हाती लागते. वर्गात फळ्यावर शिकवलेली गोष्ट मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालून दाखवण्याची याहून चांगली संधी कोणती? तरीही ते कुठल्या प्रॅक्टिकलच्या यादीत दिसत नाही.

काही प्राध्यापक म्हणतात, ही कटकट हवीच कशाला, ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर वापरा. पहिल्या आठवड्यासाठी ते ठीक आहे. पण त्यालाही नेट लागते, आणि पुण्याच्या कंपनीत पहिल्या दिवशी मुलाच्या हाती कोरा लॅपटॉपच येतो.

म्हणून मागणी साधी आहे. पहिल्या सत्राची पहिली दोन प्रॅक्टिकल एडिटर आणि कंपायलर बसवण्याची, मुद्दाम बिघडवण्याची आणि दुरुस्त करण्याची असावीत, त्यांना गुण असावेत. प्रत्येक महाविद्यालयाने एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचा संच प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर ठेवावा: एडिटर, मिनजीडब्ल्यू, पायथॉन, रीडिस्ट्रिब्युटेबल आणि लागतील त्या एक्स्टेन्शनच्या व्हीएसआयएक्स फाइली, ज्या नेटशिवायही बसवता येतात. विंडोज ७ वाल्यांसाठी वेगळा फोल्डर. पेनड्राइव्हवर तो संच मुलांना घरी नेता यावा. एक्स्टेन्शनला एडिटरइतकेच अधिकार मिळतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारी व्हीएसआयएक्स फाइल कोणी बसवू नये. महाविद्यालयाने खात्री करून दिलेला संच हाताशी असेल तर मुलांना त्या वाटेला जावे लागणार नाही. सोबत एक मराठी पान हवे, नेहमी येणाऱ्या वीस इंग्रजी संदेशांचे, प्रत्येकापुढे आधी काय तपासायचे ते लिहिलेले. ‘ओळखता येत नाही’ या संदेशापुढे तिथे छापलेले असावे: प्रोग्राम बहुधा बरोबर आहे, आधी कंपायलर आणि पाथ पाहा.