मुक्कामाचे पाहुणे

आमचा संगणक म्हातारा झाला, टाकून द्या, असे घरात एकमत आहे. (माझ्याबद्दलही लवकरच होईल!) मला ते साफ नामंजूर आहे.

त्यात २००१ सालची विंडोज एक्सपी. बटण दाबून आंघोळ उरकावी, तेव्हा कुठे पडद्यावरची ती हिरवी टेकडी उगवायची. भाचा म्हणाला, "मामा, स्पीड वाढवायचं सॉफ्टवेअर टाकू?" टाकले. तर तेही रोज सकाळी इतरांबरोबर उठून बसू लागले!

शेवटी 'रन'मध्ये 'एमएसकॉन्फिग' लिहून 'स्टार्टअप'ची यादी उघडली. बघतो तर काय, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा कारभारी, गाणी वाजवणारे तिघे, आणि हा नवा वैदू, सगळे पाट मांडून बसलेले. मेमरी मात्र २५६ एमबी! अँटीव्हायरस तेवढा ठेवला, बाकीच्यांच्या खुणा काढल्या. दुसऱ्या दिवशी टॉवेल शोधेपर्यंत टेकडी हजर.

"पण २०१४ पासून तिला सुरक्षेची ठिगळं मिळत नाहीत," भाचा म्हणाला. कबूल. म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवलीय. पत्रे लिहायला आणि पत्ते खेळायला ती लागते कुणाला?

परवा त्याचाच नवा लॅपटॉप रखडत होता. मी एवढंच विचारलं, "पाहुणे किती आहेत रे?"