घुमटाचं तोंड आणि ॲम्पेगचा फ्रिज

सरकारी खात्यात खरेदीच्या फायली वीस-बावीस वर्षं हाताळल्या की माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू समोर आली की तो मनातल्या मनात तीन कोटेशनं मागवतो आणि तुलनात्मक तक्ता आखायला घेतो. माझ्याबरोबर बाजारात बांगडे घ्यायला यायचं बायकोने कधीच सोडून दिलंय. पण गेल्या वर्षी हैदराबादला भाच्याकडे आठवडाभर राहिलो तेव्हा ही खोड पहिल्यांदा घरच्या कामाला आली. तिच्यापायी भाचा माझ्यावर रुसला, तो अजून रुसलेलाच आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

भाचा माधापूरला एका कंपनीत संगणकावर काम करतो, कोंडापूरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि शनिवार-रविवार मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बरा वाजवतो. (आमच्या घरात याआधी कुणी काही वाजवलं असेल तर घुमट, तेही चवथीच्या आरतीपुरतं. त्यामुळे गिटार हातात घेतलेला पोरगा बिघडला असं त्याच्या आईला अजून वाटतं. तो वाद आज नको.) त्याला ॲम्प्लिफायर घ्यायचा होता. घ्यायचा म्हणजे कर्ज काढून, चोवीस हप्त्यांवर. आणि घ्यायचा तो ॲम्पेगचाच : वर तीनशे वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प आणि खाली दहा इंची आठ स्पीकर्सची पेटी. जगभरचे वादक त्या पेटीला लाडाने 'फ्रिज' म्हणतात. नाव सार्थ आहे, वजन साठ किलोंच्या वर आणि उंची चार फूट.

बँडमधला दुसरा मुलगा मार्कबेस या इटालियन कंपनीचा भक्त, तिसरा हार्टकीचा, कारण त्यांच्या स्पीकरचा कोन ॲल्युमिनियमचा असतो. तिघांचं भांडण रात्री एक वाजेपर्यंत चाललं. कुणी म्हणे याच्या आवाजात ऊब आहे, कुणी म्हणे त्याचा आवाज छातीवर बसतो. मी मध्येच विचारलं, "अरे, पण ही पेटी खाली किती हर्ट्झपर्यंत उतरते?" तिघेही गप्प. मग भाचा म्हणाला, "मामा, तुका कळना."

मला कळत नाही हे कबूल. मराठी घेऊन बीए झालेला माणूस मी. पण तक्ता मला कळतो. दुसऱ्या दिवशी भाचा कामावर गेल्यावर कंपन्यांची माहितीपत्रकं काढून बसलो आणि पहिल्या तासाभरातच मला माझं ऑफिस आठवलं. पुरवठादार ज्या लबाड्या टेंडरात करतात त्याच इथे होत्या. एकाने वॉट सांगितलेत ते सतत मिळणारे, दुसऱ्याने क्षणभर मिळणारे. एकाचा आकडा चार ओहमवरचा. मुलगा एकच आठ ओहमची पेटी जोडणार असेल तर साध्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमधून त्याला त्या आकड्याच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त वॉट मिळणार, पण हे त्याला कोण सांगतो? आणि सगळे भांडतात ते वॉटवर. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट एका पेटीची संवेदनक्षमता 97 डेसिबल आणि दुसरीची 100 असेल, तर दुसरी पेटी तीनशे वॉटवर तेवढीच वाजते जेवढी पहिली सहाशेवर. म्हणजे पैसा पेटीत घालायचा की ॲम्पमध्ये, हा खरा प्रश्न. तो त्या रात्री कुणाच्या तोंडी आला नव्हता.

आता त्या फ्रिजचंच घ्या. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला वाजते. आणि या जगप्रसिद्ध पेटीचा आवाज कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे 58 हर्ट्झलाच तीन डेसिबलने उतरलेला असतो, 40 ला दहाने. म्हणजे ज्या खर्जासाठी तिचं नाव घेतात तो मूळ खर्ज ती अर्धवटच देते. बाकीचा भाग आपला मेंदू वरच्या स्वरांवरून भरून काढतो. पेटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. उत्तमच आहे. पण ती उत्तम का आहे हे तिच्या भक्तांना ठाऊक नाही, एवढंच.

ते समजायला गोव्याच्या माणसाला अमेरिकेला जायला नको. घुमट घ्या. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंना तोंड. मोठ्या तोंडावर चामडं, पूर्वी घोरपडीचं असायचं, 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर आता बोकडाचं. लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते लहान तोंड उघडं-बंद करायचं. तोंड उघडं असलं की आतली हवा त्यातून ये-जा करते आणि खर्ज घुमतो. तळवा ठेवला की आवाज आवळला जातो, थाप नेमकी होते. स्पीकरच्या पेटीला समोर जे भोक असतं ते हेच तोंड. भोकाची पेटी ठरावीक स्वरापर्यंत खर्ज फुगवते आणि त्याच्या खाली एकदम कोसळते. बंद पेटी हळूहळू उतरते आणि थाप घट्ट ठेवते. ॲम्पेगचा फ्रिज बंद जातीचा आहे, चार कप्पे, प्रत्येकात दोन स्पीकर, कुठेही भोक नाही. तळवा ठेवलेलं घुमट! भाच्याला जी 'ऊब' आवडते तिचं निम्मं कारण हे, निम्मं व्हॉल्व्ह. कंपनीच्या नावाचा त्यात काही हात नाही. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यातली अक्कल वापरायला कुणाची हरकत आहे?

नावांचं म्हणाल तर नावांसारखी फसवी चीज नाही. फेंडरने 1952 साली आपल्या बेस गिटारसाठी बासमन नावाचा ॲम्प काढला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले. बेसपेक्षा साध्या गिटारवाल्यांनीच तो उचलला. 1962च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी त्याच बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उतरवून आपला पहिला ॲम्प बनवला. आज फेंडर आणि मार्शल यांचे भक्त एकमेकांचं तोंड बघत नाहीत, जणू एक किराणा आणि दुसरं जयपूर! आणि ॲम्पेग? फ्रिजचा जन्म 1969चा, रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्याच्या वेळचा. त्यानंतर ही कंपनी किती हातांतून फिरली! 2018 पासून ती यामाहाच्या गटात आहे. ज्या 'ॲम्पेगपणा'साठी माझा भाचा चोवीस हप्ते भरणार होता, तो नेमका कुठल्या मालकाचा? घराण्यात निदान गुरू तरी एकाच गळ्याचा असतो.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. (नाव देत नाही, सगळीच दुकानं तशी.) फ्रिज आणि एक हलकी पेटी शेजारी-शेजारी ठेवली होती. विक्रेत्याने आधी हलकी वाजवली, मग फ्रिज, आणि फ्रिजच्या वेळी बटण थोडं पुढे सरकवलं. मुलांचे चेहरे उजळले. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, ही युक्ती कापडाच्या दुकानात जादा दिवा लावतात त्याच जातीची. मी म्हटलं, दोन्ही सारख्या आवाजावर ठेवा, आणि तिघांनी भिंतीकडे तोंड करून सांगा कुठली वाजतेय. सहा वेळा वाजवलं. भाचा दोनदाच बरोबर आला. नाणं उडवलं असतं तर तीनदा आला असता. तेव्हापासून तो रुसलाय.

यावर मुलांचं उत्तर ठरलेलं असतं, स्टेजवर फरक कळतो. कुठल्या स्टेजवर? हे तिघे ज्या पबमध्ये वाजवतात तिथे साउंडवाला गिटारची वायर थेट मिक्सरला जोडतो आणि लोकांना हॉलच्या स्पीकरमधून बेस ऐकू जातो. मोटाऊनच्या रेकॉर्डवर जेम्स जेमर्सनचा जो बेस ऐकून जगातले बेसवादक कान धरतात, तोसुद्धा बहुतेक असाच थेट मिक्सरमध्ये गेलेला. उरला फ्लॅट. तिथे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. आणि खर्ज भिंतीला जुमानत नाही, त्याची एक लहर आठ मीटरची असते. बाजूच्या रेड्डी काकूंना गिटारचा आवाज ऐकू येणार नाही, पण त्यांच्या कपाटातल्या कपबशा वाजतील.

हैदराबादच्या माणसाला खर्ज आवडत नाही असं मात्र समजू नका. ए. सी. गार्ड्समध्ये निजामाच्या आफ्रिकी घोडदळाचे वंशज राहतात. त्यांचा मर्फा लग्नात वाजायला लागला की म्हातारेही उठतात. तोच ठेका पुढे मिरवणुकीच्या डीजेवर गेला, पेट्यांवर पेट्या चढल्या, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये शहराच्या पोलिसांना धार्मिक मिरवणुकांत डीजेवर बंदी घालावी लागली. चार ढोलांनी जे होत होतं त्यासाठी ट्रक लागायला लागला. आमच्याकडे तरी काय वेगळं? जत्रेच्या नाटकाला साउंड ठरवताना समिती विचारते, पेट्या किती आणि कुठल्या कंपनीच्या? शेवटच्या रांगेतल्या आजीला पद कळेल का, हे आजवर एकाही बैठकीत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही त्या बैठकांना असतो, हेही सांगून टाकतो.

परवा भाच्याचा बऱ्याच महिन्यांनी मेसेज आला. कुणीतरी कॅनडाला चाललाय आणि जुना फ्रिज विकतोय, अर्ध्या किमतीत. मी विचारलं, चौथ्या मजल्यावर चढवणार कोण? अजून उत्तर नाही.