चिखलाचे टायर आणि वाफसा

मोसमी पावसाला आरंभ झाला की काळ्या जमिनीच्या गावांतील वाहतूक अडखळू लागते. मुख्य रस्ता डांबरी असतो. परंतु तेथून शेतापर्यंतची पाणंद चिखलाने भरते आणि खत, बियाणे, दूध व भाजीपाला यांची ने-आण कठीण होऊन बसते. या अडचणीवर उपाय म्हणून काही शेतकरी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी पिकअप गाडी घेतात. पुढे टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे खोल खाचांचे व मोठ्या ठोकळ्यांचे ‘मड टायर’ घेतले की चिखलाचा प्रश्न मिटला, असा समज करून घेतला जातो. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण त्यात शेतकऱ्याचा पैसाच नव्हे, तर त्याची जमीनही गुंतलेली असते.

चिखलाच्या टायरचे कार्य साधे आहे. रुंद खाचांत चिखल शिरतो, ठोकळ्यांच्या कडा त्याला मागे रेटतात आणि चाक फिरताना तो बाहेर फेकला जातो. खाच अशी मोकळी होत राहिली तरच चाकाला नवी पकड मिळते. रेताड किंवा मुरमाड जमिनीत हे सहज घडते. दख्खनच्या काळ्या जमिनीत मात्र फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती भिजली की फुगते व चिकटते. हळू फिरणाऱ्या चाकाच्या खाचा तिने भरून जातात आणि मग नवा, महाग टायरही गोटा झालेल्या टायरप्रमाणे घसरू लागतो. रेगाडात बैलगाडीच्या चाकावर चढणारा चिखल ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

स्वस्त टायर कोणता, याचा निर्णय दुकानातील किमतीवरून करू नये. तो किती किलोमीटर चालेल यावरून करावा. समजा, एक मड टायर ९,००० रुपयांना मिळाला व ३०,००० किलोमीटर चालला, तर त्याचा खर्च किलोमीटरला ३० पैसे पडतो. डांबरी व कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनविलेला मध्यम खाचांचा टायर ७,५०० रुपयांत मिळाला व ५०,००० किलोमीटर चालला, तर तोच खर्च १५ पैसे येतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारपेठेतील किमती घालून हिशेब करावा. गाडीचे बहुतेक अंतर बाजारपेठ, दूध संकलन केंद्र व साखर कारखाना यांच्या डांबरी रस्त्यावर कापले जात असेल, तर मड टायर तेथे लवकर झिजतो, डिझेल अधिक खर्च करवितो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेतो. ज्याची गाडी पावसाळाभर खरोखर चिखलातच राबते व जमीनही फारशी चिकट नाही, त्याने मात्र मड टायर अवश्य घ्यावा.

खाचांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे भार पेलण्याची शक्ती. ती टायरच्या बाजूवर अंकाने छापलेली असते. १०० हा भारांक ८०० किलोग्रॅमचा, १०४ हा ९०० किलोग्रॅमचा, तर १०८ हा १,००० किलोग्रॅमचा द्योतक आहे. भरलेल्या गाडीच्या मागील आसावर १,८०० किलोग्रॅम वजन येत असेल, तर प्रत्येक टायरवर ९०० किलोग्रॅम पडतात. अशा वेळी १०४ भारांकाच्या टायरला खड्ड्यासाठी किंवा जादा पोत्यांसाठी काहीच वाव उरत नाही. १०८ किंवा त्याहून अधिक भारांक पाहावा. मोटारीसाठी बनविलेला दिखाऊ टायर मालवाहू गाडीला लावणे म्हणजे घाटात अपघातास निमंत्रण देणे होय.

पैसे वाचविण्यासाठी दोनच टायर बदलण्याची प्रथा चारचाकी जोराच्या गाडीत महाग पडते. पुढील व मागील चाकांचा घेर सारखा नसेल, तर दोन्ही आसांना एकत्र जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येऊन ती झिजते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे व एकाच नक्षीचे असावेत आणि झीज समान राहावी म्हणून त्यांच्या जागा वेळोवेळी बदलाव्यात. स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी. वाहन उत्पादकाने नेमून दिलेल्या मापापेक्षा मोठा टायर लावण्याचा मोह टाळावा.

खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. बाजूवरील चार अंकी खूण टायरचे वय सांगते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वापरलेला टायर स्वस्त मिळत असला, तरी त्याच्या बाजूला भेगा किंवा फुगवटा असल्यास तो घेऊ नये. चिखलातून जाताना हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो व पकड वाढते; परंतु डांबरावर येताच ती पूर्ववत् भरावी. कमी हवेचा टायर भाराखाली तापतो व फुटतो. याकरिता हवा मोजण्याचे मापक व लहान पंप गाडीत बाळगणे हितावह आहे.

मुख्य प्रश्न याहून निराळा आहे. चांगला टायर लाभला की वाफसा नसतानाही गाडी शेतात घालण्याचा धीर येतो, आणि नुकसान तेथेच होते. ओली काळी जमीन चाकाखाली दाबली गेली म्हणजे मातीतील पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि चाकोरीतील पीक खुजे राहते. हवा कमी केल्याने वरच्या थरावरील दाब कमी होतो. परंतु खोल थरातील दाब गाडीच्या एकूण वजनावर अवलंबून असतो आणि तो कोणत्याही टायरने टळत नाही. वाफशाविना औत घालू नये, हे शेतकरी जाणतोच. औताचा हा नियम त्याहून कितीतरी जड असलेल्या गाडीला लागू नाही असे कसे म्हणता येईल?

दूध किंवा तोडलेली भाजी वाफशाची वाट पाहू शकत नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर गाडी शेतात नेणे हे नव्हे. गाडी पाणंदीवरच उभी करावी, बांधापर्यंतचा माल बैलगाडीने किंवा डोक्यावरून आणावा आणि पाणंदीला दोन्ही बाजूंनी चर काढून तिच्यावर मुरूम टाकावा. शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेद्वारे वाट दाखविली आहे. एका शेतकऱ्याच्या महाग टायरांनी एकच गाडी निघते. मुरूम टाकलेल्या पाणंदीने साऱ्या शिवाराच्या गाड्या निघतात.

तात्पर्य, टायर भार पाहून घ्यावा, त्याची किंमत किलोमीटरवर मोजावी आणि शेतात पाऊल टाकण्याची परवानगी मात्र वाफशाकडूनच घ्यावी. झिजलेला टायर बदलता येतो; दाबून घट्ट झालेली जमीन पूर्ववत् होण्यास अनेक हंगाम लागतात.