जावळीचं ताट मेढ्यात वाढा

साताऱ्याहून महाबळेश्वरला जायच्या दोन वाटा. पाचगणीची सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी मेढ्यावरून जाते. आधी कण्हेर धरणाचं पाणी, मग वेण्णेच्या खोऱ्यातली भातखाचरं, मेढा, केळघर आणि पुढे घाट. मेढा हे जावळी तालुक्याचं ठाणं बाहेरच्या प्रवाशाच्या लेखी बराच काळ फक्त एसटी थांबायचं ठिकाण होतं. आता ते दिवस गेले. पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि या बाजूचा ओघ वाढला. बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने वासोटा किल्ल्याला जाणारे, तापोळ्याला मुक्काम करणारे, महाबळेश्वरची गर्दी टाळून केळघरने चढणारे, असे सगळे या भागात येतात. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमाराला यातल्या पुष्कळांना भूक लागते ती मेढ्याच्या आसपास.

आणि त्यांच्यापुढे येतं पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, काजू करी, तंदुरी रोटी, जिरा राईस, मंचुरियन. नशीब असेल तर ज्वारीची भाकरी आणि पिठलं. हेच ताट लोणावळ्यात मिळतं, शिर्डीच्या रस्त्यावर मिळतं, गोव्याच्या वाटेवर कणकवलीतही मिळतं. खाणं आणि वाटा या दोन गोष्टींवर मी दर आठवड्याला लिहिते, आणि माझं ठाम मत आहे की जावळीत येऊन जावळीचं जेवण न मिळणं हे पाहुण्याचं नुकसान आहेच, पण त्याहून मोठं नुकसान जावळीचं आहे.

कारण रस्ता सोडून चार पावलं आत गेलं की घराघरांत दुसरंच काही शिजत असतं. डोंगरउताराची ही जमीन नाचणीची आणि वरीची, खालच्या खाचरांतली भाताची. नाचणीची भाकरी, वरीचा भात, हुलग्याचं माडगं, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, पावट्याची आमटी, तांदळाची घावनं, उन्हाळ्यात आंबील. पहिल्या पावसानंतर कुर्डू, भारंगी, टाकळा. ओढ्याला पाणी आलं की खेकड्यांचं कालवण, आणि ते नाचणीच्या भाकरीशिवाय खाणं म्हणजे अर्धंच जेवण. पाट्यावर वाटलेला हिरव्या मिरचीचा खर्डा बाराही महिने. यातला एकही पदार्थ दुर्मीळ नाही. तो फक्त घरातून बाहेर आलेला नाही.

तो का आला नाही, याचं उत्तर लोक चटकन देतात: गिऱ्हाईक मागत नाही. मला हे उत्तर पटत नाही. खरं कारण हॉटेलच्या भटारखान्यात आहे. सकाळी तिथे मोठ्या पातेल्यांत दोन-तीन ग्रेव्ह्या होतात, एक लाल टोमॅटो-कांद्याची, एक काजू-मगजाची पांढरी, कुठे आणखी एक पिवळी. मेन्यूकार्डावर शंभर नावं असली तरी ती या दोन-तीन पातेल्यांतून निघतात. पनीर टाकलं की पनीर, काजू टाकले की काजू करी, वरून तिखट तर्री दिली की कोल्हापुरी. पनीर आणि फ्रोजन मटार घाऊक येतात, रोटीची कणीक सकाळीच मळून ठेवता येते, तंदूर एकदा पेटला की दिवसभर चालतो. आचारी उत्तरेकडचा असो की ओडिशाचा, ही पद्धत त्याला तोंडपाठ असते. बारा मिनिटांत चार जणांचं टेबल भागतं आणि टेबल लवकर मोकळं होतं. धंद्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही.

नाचणीची भाकरी या यंत्रात बसत नाही. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. आधण आलेल्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी लागते, ती गरम असतानाच मळावी लागते, मग हातावर किंवा परातीत थापताना कडा फुटू द्यायच्या नसतात. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी आरावर फुगवायची. केली की लगेच खायची, ठेवली की कडक होते. एका वेळी एक, आणि प्रत्येकीला जाणता हात लागतो. हा हात कुठल्या केटरिंग कॉलेजात तयार होत नाही. तो केळघर, कुसुंबी, बामणोलीच्या बायकांकडे आहे. आपण मात्र त्या हाताला कौशल्य म्हणून मोजलेलंच नाही. घरातली बाई भाकरी करते तेव्हा ते काम, आणि हॉटेलातला पुरुष रोटी लावतो तेव्हा ती नोकरी, असा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवला. जावळीचं ताट रस्त्यावर न येण्याचं मूळ मला इथे दिसतं.

गिऱ्हाईक मागत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच भागाकडे बघावं. साताऱ्यात गाडी थांबते ती कंदी पेढ्यासाठी. अख्खा मसूर हे कराड-इस्लामपूर भागातलं साधं कालवण, आज ते पुणे-बंगळूर महामार्गावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि माणसं मुद्दाम त्यासाठी थांबतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथली स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्ल्याशिवाय कोणाची सहल पुरी होत नाही. म्हणजे जागेची चव शोधणारा प्रवासी आहे. तो नाचणी मागत नाही, कारण ती मिळते हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. परदेशी सहली काढणाऱ्या मराठी कंपन्या जाहिरातीत महाराष्ट्रीय जेवणाची हमी देतात. बँकॉक-सिंगापूरला गेलेल्या माणसाला जर पिठलं-भाताची आठवण येत असेल, तर मेढ्यात त्याला भाकरी नकोशी होईल हे मी कसं मानू?

याच धान्याचं काय करता येतं हे बघायचं तर श्रीलंकेत बघावं. तिकडे नाचणीला कुरक्कन म्हणतात. श्रीलंकेच्या कृषी खात्याने ‘हेल बोजुन’ नावाची उपाहारगृहं काढली, त्यातलं कँडीजवळच्या गन्नोरुवाचं विशेष नावाजलेलं. आत ओळीने ओटे, प्रत्येक ओट्यामागे गावातली बाई, ती स्वतः करते आणि स्वतः विकते. कुरक्कनची रोटी, पालेभाज्यांची पेज, तांदळाच्या पिठाचे आप्पम, देशी फळांचे रस. गव्हाचा मैदा तिथे वापरायचा नाही, हा नियम. जागा, पाणी, शिकवणी आणि स्वच्छतेवरची देखरेख सरकारची. विक्रीचे पैसे त्या बाईचे. शाळेची मुलं, कचेरीतले कारकून, बसमधून उतरलेले प्रवासी एकाच रांगेत उभे राहतात. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कृषी खात्याने शेतकऱ्याला नाचणी पेरा एवढं सांगून हात झटकले नाहीत. पेरलेली नाचणी कोणाच्या पानात पडणार याचीही सोय लावली.

आपणही 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं केलं. ठराव भारताचाच होता. शहरांत नाचणीची बिस्किटं, नाचणीचे लाडू पाकिटांतून आले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण ज्या उतारावर ती पावसात वाकून लावली जाते, तिथल्या घराला या सगळ्यातून काय मिळालं? पाकिटातला मोठा वाटा कारखान्याचा असतो. भाकरीचा मात्र सगळा पैसा ती करणारीकडे जातो.

जपानने दुसरी बाजू सांभाळली, रस्त्याची. तिथे 1993 सालापासून ‘मिची-नो-एकी’ म्हणजे रस्त्यावरची स्थानकं सुरू झाली. आरंभी 103 होती, आज बाराशेच्या वर आहेत. गाडी लावायला मोफत जागा आणि चोवीस तास उघडी स्वच्छतागृहं या त्यांच्या मूळ अटी. सोबत त्या भागाची माहिती, आसपासच्या शेतकऱ्यांचा माल आणि बहुतेक ठिकाणी त्याच मालाचं जेवण. स्वच्छतागृहाचा मुद्दा मी मुद्दाम काढते. आपल्या डोंगरी रस्त्यांवर बाया-मुलींना घेऊन फिरणारं कुटुंब कुठे थांबायचं ते जेवणाच्या चवीवरून ठरवत नाही, संडास कसा आहे त्यावरून ठरवतं. सिंगापूरने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना हुसकावून न लावता परवाने दिले, 1971 ते 1986 या काळात पाण्याची आणि सांडपाण्याची सोय असलेल्या मंडयांत बसवलं, आणि 2020 साली त्याच खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. तिथला विक्रेता बहुधा एकच पदार्थ आयुष्यभर करतो, म्हणून तो त्याच्याइतका कोणाला जमत नाही.

मेढ्याला हे जमेल का, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, जमण्याची शक्ती या मातीत सिद्ध झालेली आहे. जावळीची कितीतरी कुटुंबं मुंबईत माथाडीकाम करून उभी राहिली. गिरणगावात घाटावरच्या बायांनी खोलीत चुली मांडून कामगारांच्या खानावळी चालवल्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा खानावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. शेकडो लोकांना रोज वेळेवर, परवडेल अशा भावात जेवू घालणं हे मराठी बायकांनी केलेलं काम आहे. आणि जावळीच्या बायकांनी आणखी एक केलं. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं देऊन त्यांनी आपल्या तालुक्यातली परवान्याची दारूदुकानं बंद पाडली. जिकडेतिकडे ‘परमिट रूम’च्या पाट्या दिसणाऱ्या राज्यात ज्या बायका हे करू शकतात, त्यांना एक जेवणघर चालवणं जड नाही. उलट, लेकराबाळांसह निवांत बसून जेवता येईल असं गाव ही मेढ्याची ओळख होऊ शकते.

घाई का करायची तेही सांगते. शासनाने नवीन महाबळेश्वर गिरिस्थानाचा प्रकल्प हाती घेतला आहे. जावळीसह आसपासच्या तालुक्यांतली दोनशेहून अधिक गावं त्यात येतात आणि नियोजनाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे. रस्ते रुंद होतील, पूल होतील, रिसॉर्ट येतील. रिसॉर्टबरोबर त्यांचे आचारी, त्यांची मेन्यूकार्डं आणि त्यांची पनीरची पोती येतील. मग इथल्या बाईच्या वाट्याला भांडी घासणं आणि चादरी धुणं एवढंच उरेल. कोयनेच्या धरणात या तालुक्याने एकदा आपल्या जमिनी दिलेल्या आहेत. पर्यटनात तरी त्याला मालकीचा वाटा मिळायला हवा, नुसती मजुरी नको.

करायचं काय? मेढ्यात रस्त्यालगत एक जागा. आठ-दहा ओटे, पाणी, धूर बाहेर काढणारी चूल, स्त्री-पुरुषांची वेगळी आणि रोज धुतली जाणारी स्वच्छतागृहं, गाड्या लावायला मैदान. बांधकाम नगरपंचायतीने किंवा जिल्हा परिषदेने करावं, ओटे खोऱ्यातल्या बचत गटांना पाळीने द्यावेत. अन्नसुरक्षा खात्याकडे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, त्यामुळे कागदपत्रांचा बाऊ करायचं कारण नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे, त्याची इथे जोड मिळू शकते. पदार्थ मोजके ठेवावेत, आणि ते महिन्यानुसार बदलावेत. आषाढ-श्रावणात रानभाज्या आणि खेकडे, कासच्या फुलांच्या गर्दीत पिठलं, खर्डा, घावनं, कार्तिकानंतर नवी नाचणी आणि नवा तांदूळ, थंडीत ओला पावटा, चैत्रात आंबील आणि करवंदं. मेन्यूकार्ड लांब करायचा मोह झाला की समजावं, ग्रेव्हीचं पातेलं दारात आलं.

एक काळजी मात्र आजच घ्यायला हवी. रानभाजीला शहरी गिऱ्हाईक मिळालं की ती मुळासकट ओरबाडली जाते. खेकड्यांचंही तेच होतं. म्हणून रानातलं थोडं आणि शेतातलं जास्त, हे प्रमाण बायकांनीच ठरवावं आणि संपलं की संपलं असं पाहुण्याला सरळ सांगावं.

भावाबद्दल वाचकांशी स्पष्ट बोलते. घरगुती जेवण म्हटलं की स्वस्त हवं, ही आपली सवय वाईट आहे. पनीरच्या एका प्लेटला तीनशे रुपये आपण कुरकुर न करता देतो आणि हातावर थापलेल्या चार भाकऱ्यांना शंभर दिले की जास्त वाटतात. नाचणी पेरणारी, दळणारी आणि थापणारी बहुतेक वेळा एकच बाई असते, हे लक्षात ठेवून पैसे द्या.

असं जेवणघर उभं राहील तेव्हा राहील. तोवर या बाजूला येणार असाल तर आदल्या दिवशी ओळखीच्या घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी कळवा आणि नाचणीची भाकरी, हुलग्याचं कालवण, खर्डा असं नाव घेऊन सांगा. हॉटेलात बसलात तरी मालकाला विचारा, आज मिळालं नाही तर पुढच्या वेळीही विचारा. दहा टेबलांवरून एकच प्रश्न आला की मालकही भाकरी करणारी बाई शोधायला निघतो. मेढा नगरपंचायतीला माझी विनंती एवढीच आहे, की पुढचा फुलांचा हंगाम सुरू होण्याआधी ओट्यांसाठी जागा नक्की करावी आणि पहिला ओटा खोऱ्यातल्या बचत गटाच्या नावाने लिहून द्यावा.